अकरा तयार, अकरा गेल्या, एक उरली

एक

सव्वाचारला दुरुस्तीवाल्या पेचकसनं काळी डिस्क संगणकाला जोडली, पडद्यावर खिडकी उघडली आणि त्या खिडकीत काही म्हणजे काहीच नव्हतं.

त्यानं केबल काढून पुन्हा लावली. दुसऱ्या खाचेत लावली. टोकावर फुंकर मारली. मग मान वर करून छताकडे पाहिलं, जणू पुढचं उत्तर पंख्यावर लिहिलंय.

"रिकामी आहे," तो म्हणाला.

"रिकामी म्हणजे?" ग्रंथपाल सरांनी विचारलं.

"रिकामी म्हणजे रिकामी, सर. आत एक फाईल नाही."

दारात जावकमावशी उभ्या होत्या. अंधांसाठी बोलकी पुस्तकं बनवणाऱ्या या ग्रंथालयात त्या सोळा वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसत. काय आलं, काय गेलं, कुणी नेलं, कधी नेलं हे सगळं त्यांच्या रजिस्टरात असे. आणि कोण कुणावर रुसलं, कोण कुणाला टाळतंय, ते त्यांच्या डोक्यात. डोक्यातलं रजिस्टर जास्त जाड होतं.

प्रकरण असं होतं. रेकॉर्डिंगच्या खोलीतला संगणक महिनाभर खरखर करत होता. हार्ड डिस्क जागोजागी खराब झाली होती. दुरुस्त करायची तर आधी ती सगळी पुसावी लागणार होती. म्हणून दुरुस्तीवाल्यानं, ज्याला सगळे पेचकस म्हणत, सकाळी तिच्यातलं सगळं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग बाराला मूळ डिस्क पुसली. आता ती ठणठणीत झाली होती, आणि तिच्यात परत भरायला काही नव्हतं.

गेलेलं काय होतं? ताईंचा आवाज. नऊ वर्षांत ताईंनी दोनशे पंधरा पुस्तकं वाचली होती. चार महिन्यांपूर्वी घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज कायमचा गेला. श्रोत्यांकडे गेलेल्या डिस्क परत आल्या की पुसून पुन्हा वापरल्या जात, त्यामुळे बाहेर त्यांची आता तीनच पुस्तकं होती. बाकी सगळं इथे होतं. सकाळपर्यंत.

ताई तिथेच खुर्चीवर बसल्या होत्या. आपला आवाज परत जागेवर बसताना पाहायला नवऱ्याबरोबर हौसेनं आल्या होत्या. त्यांनी गळ्यातली छोटी पाटी पुढे ओढली, खडूनं काहीतरी लिहिलं आणि सगळ्यांसमोर धरली.

"मग आता मी कुठेच नाही?"

दोन

मावशींनी पेचकसला बाहेरच्या बाकावर बसवलं.

त्यांचा या प्रकरणात स्वतःचाही हिशेब होता. त्यांच्या सासूबाईंची दृष्टी गेल्यावर त्या दोन महिने भिंतीशी आणि सुनेशी भांडत होत्या. मग घरात ताईंचा आवाज आला. सासूबाई भांडायच्या थांबल्या आणि "पुढे काय झालं ते ऐकू दे गं" म्हणू लागल्या. शेवटची तीन वर्षं सासू-सुनेनं एकाच आवाजाखाली भाजी निवडली. ताईंना मावशी हे कधी बोलल्या नव्हत्या. बोलायचं राहून गेलं होतं.

"आता खरं सांग," त्या म्हणाल्या. "उतरवलंस तरी होतं का?"

"मावशी, आईशप्पथ! आधी बॅकअप, मग पेचकस, हा माझा धंद्याचा नियम आहे. फायली मोजल्या, वजन जुळवलं, तीन ठिकाणी कान लावून ऐकलं. एका ठिकाणी ताई शिंकत होत्या."

"शिंका कशाला ठेवल्या?"

"जे होतं ते सगळंच उतरवलं. चुकलेली वाक्यं, खोकला, हसणं. आपण कोण ठरवणार, काय ठेवायचं ते?" तो मनगटावरचे रबरबँड ओढून सोडत होता. त्याच्या डाव्या हातात बांगड्यांसारखे सात-आठ रबरबँड कायम असत. सुटे स्क्रू, केबली, जेवणाचा डबा, सगळं तो त्यांनीच बांधी.

"एकच प्रत केलीस?"

"मी दोन म्हणत होतो. सर म्हणाले, एक पुरे, नवी डिस्क कशाला आणतोस, आपल्याच कपाटातली घे."

खिडकीआडून सरांचा खाकरण्याचा आवाज आला. ते तिथेच उभे होते आणि खिडकीच्या गजावरची धूळ फार लक्षपूर्वक पाहत होते.

"मग ठेवलीस कुठे?"

"तुमच्यासमोरच्या कपाटात. खोक्यात घालून, दुसऱ्या फळीवर. बारा वाजून पाच मिनिटं."

ते कपाट मावशींच्या टेबलासमोर होतं. दहाला उघडत, दोनला मावशी स्वतः कुलूप लावत. कुलूप चारपर्यंत जसंच्या तसं होतं. म्हणजे जे झालं ते बारा पाच ते दोन या वेळात, आणि मावशींच्या नाकासमोर झालं होतं.

मावशींच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांच्या नाकासमोर आजवर एक टाचणी इकडची तिकडे झाली नव्हती.

तीन

डोळे मिटून त्यांनी ते दोन तास आठवले. त्या वेळात कपाटाशी तिघं गेले होते. सर शिक्का घ्यायला. नवी वाचक हेडफोन घ्यायला. आणि ताईंचे यजमान, घड्याळजी.

सरांवर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. त्या माणसाला शिक्का घेताना झाकण सापडत नाही. तो डिस्क काय बदलणार?

नवी वाचक वेगळी. ताईंच्या जागी आलेली, गोड गळ्याची, आणि श्रोत्यांची पत्रं वाचून रोज खट्टू होणारी. प्रत्येक पत्रात एकच: 'नव्या बाई छान वाचतात, पण...' त्या 'पण'पायी पोरगी वाळत चालली होती. आणि आज एकच्या सुमारास ती कपाटापासून निघाली तेव्हा ओढणीखाली काहीतरी झाकलेलं होतं.

"काय नेलंस ओढणीखालून?"

पोरीचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, मी परत ठेवणार होते."

"काय?"

तिनं पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. पानोपानी पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. कुठे एक, कुठे दोन.

"ताईंची वाचायची प्रत आहे. श्वास कुठे घ्यायचा, थांबायचं कुठे, ते त्यांनी खुणा करून ठेवलंय. सर म्हणतात, प्रती बाहेर न्यायच्या नाहीत. म्हणून चोरून नेते. रात्रभर बघते, सकाळी आणून ठेवते. हे अकरावं." तिनं नाक ओढलं. "लोकांना वाटतं मी त्यांच्यावर जळते. मला जे थोडंफार वाचता येतं ना, ते या रेघांनी शिकवलंय. त्यांना सांगायचं धाडस होत नाही."

"सांग की मग. बाई आत बसलीय."

"काय सांगू? आज?"

मावशींनी पुस्तक घेऊन दोन पानं उलटली. त्यांनी पुस्तक तिच्या हातात परत दिलं आणि ओढणी नीट कर म्हणून खूण केली.

राहिले घड्याळजी. गेल्याच आठवड्यात त्यांनी सरांकडे बायकोच्या आवाजाची एक प्रत मागितली होती. सरांनी नियमावर बोट ठेवून नाही म्हटलं होतं. आणि आज साडेबाराला ते पिशवी घेऊन चांगली दहा मिनिटं कपाटाजवळ उभे होते.

"तुमच्या कपाटावरचं घड्याळ मागे पडत होतं," घड्याळजी म्हणाले. "स्टुलावर चढून लावलं. हात शिवशिवतात हो."

"पिशवीत काय होतं?"

त्यांनी पिशवी उलटी केली. औषधं, घडी केलेला टॉवेल, खडूचे तुकडे.

"घड्याळजी, स्पष्ट विचारते. तुम्हाला तो आवाज हवा होता."

"हवा होता. अजून हवाय." म्हातारा ताठ बसला. "घरी ती मला आता चमचा वाजवून बोलावते. एकदा वाजवला तर चहा, दोनदा वाजवला तर माझं काहीतरी चुकलं. दोनदाच जास्त वाजतो." हसता हसता त्यांचा स्वर खाली आला. "मावशी, मी चोरली असती तर बरं झालं असतं. निदान कुठेतरी असती तरी."

मावशींनी डोक्यातल्या रजिस्टरात तिन्ही नावांवर काट मारली. पान कोरं झालं. आणि तरी डिस्क गेली होती.

चार

"पेचकस, इकडे ये. सकाळी डिस्क ठेवलीस तशी आत्ता ठेवून दाखव."

"तशीच म्हणजे?"

"माझ्यासमोर. बोलू नकोस, फक्त हात चालव."

पेचकसनं ती रिकामी डिस्क घेतली. केबलची दोनदा घडी घातली, डिस्कच्या पाठीवर दाबली, मनगटावरचा एक रबरबँड ओढून खट्कन त्यावर चढवला आणि ती खोक्यात सरकवली. काम इतक्या सवयीचं की तो बघतही नव्हता.

"थांब," मावशी म्हणाल्या. "चारला खोकं उघडलंस तेव्हा रबर काढलास?"

पेचकसनं खोक्याकडे पाहिलं. "नाही. रबर नव्हताच. केबल सुटी होती."

"मग ही तुझी डिस्क नव्हेच."

सर पुढे आले. "पण मावशी, दिसायला तर तीच..."

"दिसायला चाळीसच्या चाळीस तीच आहेत, सर! एका कचेरीनं दान दिलेल्या सगळ्या काळ्या डिस्क. त्यातलीच एक तुम्ही बॅकअपला काढून दिलीत." मावशींनी रजिस्टर ओढलं. त्यांच्या आवाजात आता धार आली होती. "सकाळच्या मोजणीत श्रोत्यांकडे पाठवायच्या तयार डिस्क अकरा. याला एक दिल्यावर रिकाम्या उरल्या आठ. दोनला जावक झाली, अकरा पुडकी, गाडीनं तासाभरात घरोघर पोचली. आता कपाट उघडा आणि मोजा."

पेचकसनं मोजलं. पुन्हा मोजलं.

"रिकाम्या सात."

"आणि तयार?"

"मावशी, तयारची फळी रिकामी असायला हवी ना? अकरा तयार, अकरा गेल्या."

"मग?"

"एक उरलीय."

पाच

मावशी खुर्चीत मागे रेलल्या. हिशेब जुळत नाही म्हणून लोक घाबरतात. त्यांना उलट न जुळणारा हिशेबच आवडे. जुळलेला हिशेब मुका असतो.

"अकरा तयार होत्या, अकरा गेल्या, एक उरली. म्हणजे गेलेल्यातली एक तयार डिस्क नव्हती. तिच्या जागी दुसरीच कुठली तरी गेली. आणि रिकाम्यातली एक कमी झाली, ती आपल्याला खोक्यात मिळाली. चोर असता तर डिस्क घेऊन पळाला असता. हा घेतो आणि जागेवर दुसरी ठेवतो. असा शिस्तीचा चोर आपल्याकडे एकच."

"पण कपाटाशी तिघंच गेले होते, तुम्हीच म्हणालात," सर म्हणाले.

"चौघं गेले होते. चौथ्याला मी मोजलंच नाही. रोज दीडला जो जातो त्याला कोण मोजतं?"

त्यांनी हाक मारली, "कानसाहेब!"

कानसाहेब आतून भिंतीला बोटं लावत आले. जन्मापासून अंध, साठीचे, आणि इथले तपासनीस: प्रत्येक पुस्तक बाहेर जाण्यापूर्वी त्यांच्या कानाखालून जाई. पुडकीही तेच बांधत. डोळ्यांचं काम बोटांवर, म्हणून त्यांच्यासाठी ग्रंथालयात एक रीत होती. तयार डिस्कला रबरबँड, रिकामीला नाही.

"दुपारी पुडकी बांधताना फळीवर एक खोकं लागलं का हाताला?"

"लागलं की. आत रबरवाली डिस्क होती. म्हटलं, नव्या पोरीनं आज एक खोक्यात का ठेवली? असेल काहीतरी. घेतली, बांधली."

"आणि खोक्यात रिकामी का घातलीत?"

"अहो, रिकामं खोकं कपाटात दिसता कामा नये, हा नियम कुणाचा? मागच्या वर्षी केवढं बोलला होतात मला!"

नियम मावशींचा होता. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. पेचकस आपल्या मनगटाकडे पाहत होता, सर पुन्हा खिडकीच्या गजाकडे.

कानसाहेबांना शांतता ऐकू आली. "काय झालं? काय होतं त्या डिस्कवर?"

शेवटी मावशींनीच सांगितलं.

म्हातारा भिंत धरून खाली बसला. "मी? बाईचा आवाज मी बाहेर टाकला? नऊ वर्षं त्या आवाजातली एक-एक चूक मी वेचलीय. तो ओळखू आला नाही मला?"

"बंद डबीतून कुणाचा आवाज येतो, कानसाहेब? आणि टाकला नाहीत, पाठवलात. पुसायच्या ढिगात गेला असता तर? कुठल्या तरी घरात सुखरूप आहे." मावशी उठल्या. "कुठल्या, ते तेवढं आठवा."

कानसाहेबांनी मान हलवली. अकरा पुडकी, सगळी सारखी. या महिन्याला सगळ्यांना एकच पुस्तक होतं, समुद्रप्रवासाचं.

मावशींनी फोन ओढला. पहिल्या बाई म्हणाल्या, जहाज नुकतंच निघालंय. दुसरे म्हणाले, बरं झालं फोन केलात, मागच्या महिन्याचं फार कंटाळवाणं होतं. चौथ्यांनी पुढची गोष्टच सांगायला घेतली. दहा जणांकडे जहाज होतं.

अकरावा फोन वाजला नाही. सारखा व्यग्र.

मावशींनी यादीतलं नाव पाहिलं आणि चपला शोधायला घेतल्या. क्रेनवाले आजोबा. चौथा मजला, एकटे, हात थरथरतो. आजवर त्यांनी दोन डिस्क पाडून फोडल्या होत्या.

सहा

पेचकसच्या गाडीत चौघं बसली: मावशी, ताई, घड्याळजी आणि तो. ताईंनी पाटी मांडीवर उलटी धरली होती.

दार उघडंच होतं. आत खिडकीशी एक आडदांड म्हातारा पाठ करून बसला होता. टेबलावर प्लेअर, शेजारी फोन, आणि फोनचा रिसीव्हर मुद्दाम बाजूला काढून ठेवलेला. डिस्क टेबलाच्या अगदी मधोमध, उशीवर होती.

आणि खोलीभर ताईंचा आवाज होता.

'...आणि तो दाराशी आला. आला आणि. छे. थांबा, परत घेते.'

ताई उंबऱ्यातच थांबल्या. घड्याळजींनी त्यांचा दंड धरला. कुणी कुणाला आधार दिला ते सांगणं कठीण होतं.

"कोण?" आजोबांनी बटण दाबून आवाज थांबवला.

"मी ग्रंथालयातून, जावकमावशी."

"मी पेचकस. म्हणजे दुरुस्तीवाला."

"मी... बरोबर आलोय," घड्याळजी म्हणाले.

"परत न्यायला आलात. मला वाटलंच. काहीतरी घोटाळा झालाय, हे माझ्यासाठी नव्हतं." आजोबांनी एक हात डिस्कवर ठेवला, थरथरू नये म्हणून दुसरा त्यावर. "म्हणून फोन काढून ठेवला. म्हटलं, तुम्ही येईपर्यंत जेवढं ऐकून होईल तेवढं. आणि उशी घेतली. माझा हात मला माहितीय."

"उपकार झाले तुमचे," पेचकस म्हणाला.

"माझे कसले? ऐका, आठ वर्षं ऐकतोय मी या बाईंना. मला वाटायचं, यंत्रासारखं वाचते, कधी अडत नाही. आज कळलं. एक वाक्य सात वेळा घेतलंय हो! सात वेळा! मध्ये पाणी प्यायली, स्वतःवर चिडली, कुणा कानसाहेबाला 'तुमच्या कानांना काही सुट्टी आहे का' म्हणाली, आणि आठव्यांदा असं वाचलं की जणू आत्ताच सुचलं. कुणासाठी? चौथ्या मजल्यावरच्या एका थेरड्यासाठी, ज्याला तिनं कधी पाहिलं नाही." त्यांनी उशी नीट सरकवली. "क्रेनवर असताना खाली उभा असलेला माणूस हात वर करायचा, ओझं नीट उतरलं म्हणून. मी तिला तेवढंही केलं नाही कधी. मागच्या डिस्कवर नव्या बाई म्हणाल्या, ताईंचा आवाज गेला. तेव्हा वाटलं, आता पत्र घालावं. पण कुणाकडून लिहून घेणार? राहून गेलं."

घड्याळजींनी बोलायला तोंड उघडलं. ताईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. नको.

मावशी स्वतःला खमकी बाई समजत. त्या भिंतीवरच्या एका खिळ्याकडे पाहत राहिल्या.

आजोबांनी मान किंचित तिरपी केली. "जिन्यात चार जणांची पावलं होती," ते हळू म्हणाले. "बोलले तिघंच."

ताई एक पाऊल पुढे आल्या.

आजोबा उठले. हातानं चाचपत स्वतःची खुर्ची टेबलाशी, प्लेअरच्या अगदी जवळ ओढली, तिची बैठक तळव्यानं पुसली आणि बाजूला झाले.

"बसा, ताई," ते म्हणाले. "हे प्रकरण संपायला अकरा मिनिटं राहिलीत. मग न्या."

ताई बसल्या. बसताना त्यांनी आजोबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडला नाही, म्हणून आजोबांना बटण डाव्या हातानं दाबावं लागलं. पेचकस दाराशी उकिडवा बसला, घड्याळजी पलंगाच्या कडेवर. मावशींना जागा नव्हती; त्या उभ्याच राहिल्या.

'थांबा, परत घेते,' डिस्कमधून ताई म्हणाल्या. 'आणि तो दाराशी... अहो, काचेवर टकटक करू नका! इथे खून होतोय आणि तुम्हाला चहा सुचतोय!' आणि मग त्या हसू लागल्या, थांबता थांबेना असं, नऊ वर्षांपूर्वीचं, मोकळ्या गळ्याचं हसू.

हातातला हात गदगदा हलतोय, हे आजोबांना कळलं. ते घाबरले.

"काय झालं? रडते का ती?"

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं.

"नाही हो," ते म्हणाले. "हसतेय. पोट धरून हसतेय."